घोड्याच्या केसापासून तंगुसापर्यंत : गरीच्या दोरीची कथा

स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. ज्ञातीचा दर्यावर्दी पराक्रम, आरमारातील सेवा, रापणीची परंपरा या विषयांवर अधिकारी मंडळी दरवर्षी लिहीत आली आहेत व त्यात भर घालावी असे आमच्यापाशी काही नाही. परंतु गरीविषयी कोणी लिहिलेले आमच्या पाहण्यात आले नाही. रापण ही पन्नास-साठ माणसांची, गावाच्या मानपानाची गोष्ट. गरी ही खडकावर एकट्याने बसून करावयाची. म्हणून ती दुर्लक्षिली गेली असावी. त्यातही गळाचे व काठीचे थोडेबहुत कौतुक होते, पण दोरीकडे कोणी पाहत नाही. मासा हातात आला तर गळाचे नशीब, आणि सुटला तर दोष मात्र दोरीचा!

हा विषय निवडण्यास एक घरगुती कारणही घडले आहे, ते सांगून टाकणे बरे. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात गावी जाताना आम्ही आमच्या पुतण्यासाठी मुंबईहून काठी व रीळ नेले. मुलगा हरखला. दुसऱ्याच दिवशी तो खडपावरून दीडशे ग्रॅमचे शिसे सर्व शक्तीनिशी भिरकावू लागला. चार-पाच फेकी उत्तम गेल्या. पुढच्या फेकीस दोरी मध्येच तुटली आणि शिसे समोर न जाता आडवे गेले. बाजूस जाळे सांधीत बसलेल्या आमच्याच ज्ञातीतील एका वृद्ध गृहस्थांच्या हातावर ते बसले व कोपराखालचे हाड मोडले. त्या पावसाळ्यानंतरच्या हंगामात त्यांना होडीवर जाता आले नाही. हात गळ्यात बांधलेला असतानाही त्यांनी मुलाला शांतपणे एवढेच विचारले, "झिला, फुडे जाडी दोरी लावलंस काय?" मुलगा म्हणाला, "नाय हो काकानू, दोरी सहा किलोची आसा, आनी हय सहा किलोचो मासो खय गावता?" उत्तर ऐकून आम्हीच खजील झालो. रीळ आम्ही दिले होते, पण दोरीविषयी आम्ही त्याला काहीच सांगितले नव्हते. सांगण्याइतके आम्हास तरी कुठे ठाऊक होते? त्यानंतर जे वाचले, विचारले आणि स्वतः करून पाहिले, ते येथे देत आहोत.

आपल्या आजी-आजोबांच्या काळी गरीची दोरी विकत आणण्याची वस्तू नव्हती. ताग टकळीवर कातावा, मांडीवर वळावा, पदरावर पदर घालून दोर सिद्ध करावा, असा घरचाच उद्योग होता. पुढे कापसाचे सूत आले. सूत खाऱ्या पाण्यात लवकर कुजते, म्हणून ऐनाच्या सालीच्या काढ्यात ते बुडवून काढीत व वाळवीत. त्या सालीचा तांबूस रंग आणि उग्र वास आमच्या पिढीच्या नाकात अजून आहे. फेकण्याची रीतही साधी होती. दोर वाळूवर वेटोळ्यांनी नीट मांडावा, टोकाचे शिसे डोक्याभोवती दोन-तीन वेळा फिरवावे आणि सोडून द्यावे. निष्णात हात पंचवीस वावांपर्यंत मजल मारी. त्यापलीकडे जावयाचे तर होडी काढावी लागे. दोर जाड, पाण्याने जड झालेला व हवेला अडणारा असल्यामुळे हाताचे बळ वाढवून अंतर फारसे वाढत नसे. दूर फेकण्याची खरी अडचण दोरीत आहे, बाहूत नाही, हे ज्याला प्रथम उमगले त्याच्यापासून या कथेचा पुढला भाग सुरू होतो. तो भाग मात्र आपल्या किनाऱ्यावर घडला नाही.

इंग्लंडात १४९६ साली वेस्टमिन्स्टर येथे विंकिन द वर्ड या मुद्रकाने गळाने मासे धरण्याच्या कलेवरील एक प्रबंध छापला. त्याचे कर्तृत्व परंपरेने डेम ज्युलियाना बर्नर्स या मठवासिनीकडे दिले जाते, पण विद्वानांना ते मान्य नाही. त्यात दोरी घोड्याच्या शेपटीच्या केसांची करावी असे सांगून माशागणिक केसांची संख्या दिली आहे. अगदी चिमुकल्या माशास एक केस, मोठ्या ट्राउटला बारा व सामन माशास पंधरा केस. ऋतूप्रमाणे व पाण्याच्या रंगाप्रमाणे केस हिरवे, पिवळे वा तपकिरी कसे रंगवावेत, याच्याही कृती आहेत. दोरी माशाला दिसू नये, ही चिंता तेव्हापासूनची आहे! केसांच्या दोरीत गुण पुष्कळ होते. ती ताणली जाई आणि पाण्याने कुजत नसे. पण केस तो केवढा लांब असणार? हातभर तुकडे वळून, गाठीला गाठ जोडून दोरी करावी लागे आणि ती काठीच्या टोकालाच बांधलेली असे. गाठी असलेली दोरी कड्यांतून धावणार कशी? म्हणून शे-दोनशे वर्षे इंग्रज गरवैया काठीच्या लांबीला दोरीची लांबी मिळवून जेवढे अंतर होईल, तेवढ्याच अंतरावरचा मासा धरीत असे.

दोरी गुंडाळून ठेवणाऱ्या चक्राचा इंग्रजी ग्रंथांतील पहिला उल्लेख टॉमस बार्कर याच्या १६५१ सालच्या पुस्तकात सापडतो. चिनी लोकांनी मात्र या बाबतीत कित्येक शतकांची आघाडी घेतली होती. मा युआन या चित्रकाराच्या ११९५ च्या सुमाराच्या एका चित्रात, हिवाळी सरोवरात एकट्या नावेवर बसलेल्या म्हाताऱ्याच्या काठीला चक्र स्पष्ट दिसते. चक्र आले तशी धावणारी, बिनगाठीची दोरी हवी झाली. ती रेशमाने दिली. एकोणिसाव्या शतकात नॉटिंगहॅमचे गरवैये लाकडी, हलके फिरणारे चक्र आणि अगदी बारीक, न मेणवलेले रेशीम वापरून ट्रेंट नदीत लांबवर फेक करू लागले. थेम्स नदीवरचे लोक त्याच काळात दोरी जमिनीवर वा हातात वेटोळी घेऊन फेकीत, म्हणजे आपल्या आजोबांसारखीच. दूर फेकावयाचे तर दोरी बारीक हवी, हे नॉटिंगहॅमकरांनी प्रथम पद्धतशीर ओळखले, असे म्हणावयास हरकत नाही.

अमेरिकेत निराळ्या वाटेने तेच घडले. केंटकी प्रांतातील पॅरिस गावच्या जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळजीने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दातेरी चाकांचे असे रीळ घडविले की, मूठ एकदा फिरवली म्हणजे चक्र अनेकदा फिरावे. पुढे मॅसाच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळील कट्टीहंक या छोट्या बेटावर १८६४ साली न्यूयॉर्कच्या श्रीमंतांनी एक मत्स्यमंडळ स्थापिले. समुद्रात शिरलेल्या खडकांवर फळ्यांचे मचाण बांधून ते लाटांपलीकडे आमिष फेकीत. त्यांच्यासाठी निघालेल्या जवसाच्या धाग्याच्या, म्हणजे लिननच्या, पीळदार दोरीला बेटावरून 'कट्टीहंक' हेच नाव पडले. ही दोरी पदरांवरून ओळखली जाई. ओल्या दोरीच्या एका पदराचे बळ तीन पौंड धरीत, म्हणून नऊ पदरी म्हणजे सत्तावीस पौंडांची. आपले लोक 'तीन पदरी', 'सहा पदरी' असे म्हणत आले, तसाच हा हिशोब. लिननचा मोठा गुण असा की ते भिजले म्हणजे अधिक बळकट होते. अवगुण असा की ते कुजते. दिवसभर मासे धरून थकलेल्या माणसाने संध्याकाळी सगळी दोरी गोड्या पाण्यात धुऊन, रिळावरून उतरवून, सावलीत वाळवली नाही तर पुढच्या मोठ्या माशाला ती खचित दगा देई. १९३९ साली आंतरराष्ट्रीय क्रीडामत्स्य संघटना स्थापन झाली, तेव्हा तिचे विक्रमसुद्धा पदरांच्या संख्येने नोंदले जात.

गळाच्या जवळचा शेवटचा तुकडा दिसू नये म्हणून रेशीमकिड्याची तात वापरीत. तिची कृती क्रूर खरी, पण ज्ञातव्य आहे. स्पेनच्या मुर्सिया प्रांतात, कोश विणण्याच्या बेतात आलेला किडा शिरक्यात बुडवून मारीत, त्याच्या पोटातील रेशमाच्या पिशव्या काढून हातांनी ताणीत, व फूट-सव्वाफुटाचा पारदर्शक तंतू वाळवीत. वापरण्यापूर्वी तो पाण्यात भिजत घालावा लागे, नाही तर गाठ मारताच तुटे.

आता एका विलक्षण शोधाकडे येऊ. आपल्या वाचकांपैकी पुष्कळांना तो वाचताना ओळखीचा वाटेल. स्कॉटलंडमधील पर्थ येथील मॅलॉक याने १८८४ साली असे रीळ काढले की फेकताना ते आडवे वळवावे, म्हणजे चक्र न फिरता दोरी त्याच्या काठावरून वेटोळ्यांनी निसटत जावी. त्याच कल्पनेची परिणती १९०५ साली ब्रॅडफर्डच्या आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ या लोकर-कारखानदाराने केली. त्याच्या रिळात चक्र कायमचे स्थिर असे आणि दोरी टोकावरून सुटे. गिरणीतील बॉबिनवरून ही युक्ती त्यास सुचली, असे सांगतात. आपल्या ज्ञातीतील किती घरांचे कर्ते पुरुष परळ-लालबागच्या गिरण्यांत साचे खात्यात उभे राहिले, ते वेगळे सांगावयास नको. धोट्यातील कांडी फिरत नाही. तिच्या टोकावरून सूत सरसर निघते, म्हणूनच धोटा त्या वेगाने धावू शकतो, हे त्यांनी आयुष्यभर डोळ्यांनी पाहिले. आमचे वडील साचेवालेच होते. १९८२ च्या संपानंतर ते गावी परतले. शेजाऱ्याचे नवे रीळ पाहून ते हसले व म्हणाले, "ही तर कांडीच!" सूत आणि मासळी या आमच्या घराच्या दोन्ही भाकऱ्या एकाच यंत्रात अशा भेटतील, असे त्यांना कधी वाटले नसेल.

स्थिर चक्रामुळे जडत्वाचा अडथळा गेला आणि हलके आमिषही दूर जाऊ लागले. पण लिनन व रेशीम या रिळावर नीट चालेना. दोरी मऊ, ओलसर. वेटोळे वेटोळ्यास चिकटे. या यंत्राला ताठ, गुळगुळीत, पाणी न पिणारा धागा हवा होता, आणि तो अजून जन्मास यावयाचा होता.

अमेरिकेतील ड्यू पाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्स याच्या हाताखाली २८ फेब्रुवारी १९३५ रोजी नायलॉन प्रथम तयार झाले. कॅरोदर्स १९३७ साली वारला. १९३८ च्या ऑक्टोबरात जगापुढे जी घोषणा झाली ती त्याने ऐकली नाही. प्रथम दातांच्या कुंचल्यांचे केस, मग स्त्रियांचे पायमोजे, मग महायुद्धातील हवाई छत्र्या, असा नायलॉनचा प्रवास झाला. एकसंध तंतूची गरीची दोरीही युद्धाच्या सुमारासच निघाली, परंतु आरंभीची दोरी तारेसारखी ताठ होती व रिळावरून उसळून येई. ती मऊ व सर्वत्र सारख्या जाडीची करण्यास आणखी वीस वर्षे लागली. १९५८ साली 'स्ट्रेन' नावाची दोरी आली, तेव्हा लिननचे दिवस संपले. मुर्सियाचा ताततंतूंचा धंदाही त्याच लाटेत बुडाला.

आपल्याकडे १९५२ साली केरळात सुरू झालेल्या भारत-नॉर्वे प्रकल्पातून नायलॉनची जाळी आली. १९५७ मध्ये कोची येथे केंद्रीय मत्स्यतंत्र संस्था स्थापन झाली व कृत्रिम धाग्यांचे रीतसर प्रयोग तेथे होऊ लागले. पुढच्या दशकात हा धागा कोकणपट्टीवर पसरला आणि आपल्या बोलीत त्यास 'तंगूस' म्हणू लागले. आमच्या आजीने तंगूस प्रथम हातात घेतला तेव्हा तो दातांनी चावून पाहिला, अशी घरात आठवण सांगतात. टकळी त्यानंतर माळ्यावर गेली. तिच्याबरोबर आजीचा संध्याकाळचा वेळ आणि दोन पैसेही गेले. सालीचा काढा सुटला म्हणून घरातील पुरुष खूश झाले. आजी झाली की नाही, हे कोणी विचारले नाही. शिवाय सुताचा तुटका दोर हंगामभरात कुजून मातीला मिळे. तंगूस मात्र वर्षानुवर्षे तिवरांत अडकून राहतो आणि बगळ्यांचे पाय त्यात गुंततात. आमच्या खाडीत हे आम्ही एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे.

आता ज्यासाठी हा खटाटोप केला, त्या प्रश्नाकडे वळू. दूर फेकावयाचे तर दोरी कोणती घ्यावी?

दोरीची जाडी दुप्पट केली की तिचे बळ चौपट होते, कारण बळ तिच्या छेदाच्या क्षेत्रावर अवलंबून असते. परंतु वजनही चौपट होते आणि हवेला अडणारे अंग दुप्पट होते. नायलॉनची ०.३५ मिलिमीटर जाडीची शंभर मीटर दोरी सुमारे ११ ग्रॅम भरते; ०.५० ची तेवढीच दोरी सुमारे २२ ग्रॅम. हे ओझे शिशाला आपल्यामागे ओढून न्यावयाचे असते, आणि उडताना वारा त्या दोरीला कमानीसारखा फुगवतो तो निराळाच. म्हणून वाळूच्या मोकळ्या किनाऱ्यावर दूरची फेक करणारे जाणते लोक ०.३० ते ०.३५ मिलिमीटरच्या पलीकडे सहसा जात नाहीत. तिचे बळ साधारण सहा-सात किलोचे असते. माझा पुतण्या हेच तर सांगत होता. त्याची दोरी चुकीची नव्हती.

चुकले ते पुढे. दोरी तुटते ती माशाने नव्हे, फेकीने. दीडशे ग्रॅमचे शिसे काठीच्या झोक्याबरोबर क्षणार्धात प्रचंड वेग घेते, आणि त्या क्षणी दोरीवर येणारा ताण कोणत्याही रावसाच्या वा तांबोशीच्या ओढीपेक्षा जास्त असतो. यासाठी बारीक दोरीच्या पुढे जाड दोरीचा तुकडा जोडतात. इंग्रज लोक त्यास शॉक लीडर म्हणतात. त्यांचा जुना ठोकताळा असा की शिशाच्या दर औंसामागे दहा पौंडांचे बळ हवे. आपले दीडशे ग्रॅमचे शिसे पाच औंसांहून किंचित जास्तच, म्हणून पुढचा तुकडा पन्नास पौंडांहून, म्हणजे सुमारे तेवीस किलोंहून, कमी बळाचा असू नये. लांबी एवढी घ्यावी की फेकण्याच्या पवित्र्यात शिसे लोंबत असताना तो तुकडा शिशापासून काठीच्या टोकापर्यंत, तेथून खाली रिळापर्यंत, आणि रिळावर निदान पाच-सहा वेढे एवढा भरावा. बारा फुटी काठीस आठ-नऊ मीटर पुरतात. त्या वृद्ध गृहस्थांनी जे विचारले ते नेमके हेच होते. त्यांनी आयुष्यात रीळ वापरले नव्हते. पण सुताच्या दोरालाही शिशाजवळ दुप्पट पदरांचा तुकडा जोडण्याची आपल्या लोकांची जुनी रीत होती, ती त्यांना माहीत होती.

अलीकडे, म्हणजे १९९० नंतर, पॉलिथिलीनच्या अतिबळकट तंतूंची वेणीसारखी विणलेली दोरी बाजारात आली. नेदरलँड्समधील संशोधकांनी १९७९ च्या सुमारास हे तंतू काढण्याची रीत शोधली. त्याच बळाच्या नायलॉनहून ही दोरी निम्म्याहूनही बारीक असते, ताणली जवळजवळ जातच नाही, त्यामुळे दूरवरचा हलका चावाही हाताला कळतो, आणि ती पाण्यावर तरंगते. अंतराचाच विचार केला तर हिला तोड नाही. पण आपल्या खडपांना ती मानवत नाही. ताणलेली वेणी कालवाच्या धारेवर घासली की सुरीने कापल्यासारखी जाते, जेथे नायलॉन चार ओरखडे सोसून टिकते. गोबऱ्यासारखा मासा गळ लागताच कपारीत शिरतो. तेथे वेणीची दोरी घेऊन बसणे म्हणजे मासा दर्याला दान करणे. शिवाय ती बोट कापते. फेकताना तर्जनीवर चामड्याचे कव्हर चढवावे, यात कमीपणा नाही. आमचे मत विचाराल तर वाळूच्या किनाऱ्यावर वेणी, खडपावर नायलॉन, आणि दोन्हीकडे पुढे जाड तुकडा.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात. रिळात दोरी काठापासून दोन-तीन मिलिमीटर खाली राहील एवढी भरावी. कमी भरली तर काठावर घासून अंतर घटते, जास्त भरली तर एकदम सुटून गुंता होतो. नायलॉन उन्हात ठेवू नये, ते ठिसूळ होते. परत आल्यावर रीळ गोड्या पाण्याने धुवावे. तुटलेली दोरी खडकावर टाकू नये, खिशात घालून घरी आणावी. जाड तुकड्याची गाठ रिळाच्या मागल्या, म्हणजे मुठीकडील, कडेस बसेल अशी गुंडाळावी, नाही तर सुटताना ती बोट सोलते. आणि फेकण्यापूर्वी दोन्ही बाजूंना व मागे पाहावे. आमचा पुतण्या आता हे सर्व करतो. त्या गृहस्थांचा हात बरा झाला आहे, फक्त थंडीत दुखतो असे ते म्हणतात. गेल्या दिवाळीत दोघे एकाच खडपावर बसले होते. मुलगा रीळ घेऊन आणि ते आपली हातगरी घेऊन. त्या दिवशी तांबोशी त्यांनाच लागली.